चिऊताई, दार उघड : दादरच्या एका जिन्यातल्या चढणीचं प्रकरण

या प्रकरणात मी त्रयस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो. दादरच्या एका बालवाचनालयात मुलांसाठी जी चढण, म्हणजे चढून-उतरून खेळायची उंच रचना, उभी राहिली, तिच्या स्ट्रक्चरल सर्टिफिकेटवर सही माझी आहे. सुरू झाल्यावर चौथ्या आठवड्यात तिला कुलूप लागलं, ते गणपती होऊन गेल्यावर निघालं. कुलूप का लागलं हे सगळ्यांना माहीत होतं. चूक कुठे होती हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि ज्याला माहीत असायला हवं होतं तो मी. संस्थेचं नाव आणि माणसांची नावं देत नाही.

जागा

वाचनालय दादर पश्चिमेला, शिवाजी पार्कपासून चालत दहा मिनिटांवर. खाली मोठ्यांची देवघेव, वर मुलांचा विभाग. इमारत जुनी : चौदा इंची विटांच्या भिंती आणि सागवानी तुळया. मागच्या अंगाला लाकडी जिना होता. वाळवीने तो पोखरला तेव्हा संस्थेने पुढच्या बाजूला नवा आरसीसी जिना बांधून घेतला आणि जुना उतरवला. वरच्या मजल्यावरचं त्याचं दार बुजवून टाकलं. त्या दाराचं सागवानी लिंटेलही (दारावरचा भार पेलणारी आडवी पट्टी) वाळवीने खाल्लेलं होतं, म्हणून ते काढून थेट वरच्या तुळईपर्यंत वीट भरली. म्हणजे छताच्या एका तुळईचं टोक आता त्या भरावावर टेकलेलं. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मागे उरली ती जिन्याची पोकळी. १२ फूट बाय १० फूट, आणि तळापासून वरच्या छतापर्यंत २५ फूट. काही वर्षं तिथे मोडक्या खुर्च्या, मखराच्या चौकटी आणि जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे नांदत होते. मग एका विश्वस्तांच्या मनात आलं की पावसाळ्याचे चार महिने मुलं कुठे खेळणार, इथे एक घसरगुंडी बसवू. फायबरची, तयार मिळते तसली, लाल-पिवळी. त्यासाठी सल्ला द्यायला म्हणून ताईंना बोलावलं.

ताई आणि बूट

ताई जे. जे.मध्ये आर्किटेक्चर शिकल्या आणि मग शिल्पाकडे वळल्या. वयाने त्यांच्याहून मोठे असलेले विश्वस्तही त्यांना ताईच म्हणायचे. पहिल्या बैठकीला आल्या त्या सरळ अडगळीत शिरल्या, एका तीन पायांच्या खुर्चीवर तोल सांभाळत बसल्या आणि बराच वेळ वर बघत राहिल्या. आम्ही दारात चहाचे कप घेऊन उभे.

मग त्यांनी विचारलं, ‘‘म्हातारीच्या बुटात कोण कोण गेलंय?’’

मुंबईत वाढलेल्या माणसाला हा प्रश्न विचारायची गरज नसते. मलबार हिलवरचं कमला नेहरू पार्क १९५२ चं, आणि त्यातला तो बूट, म्हणजे मुलांनी आत चढून जायचं बुटाच्या आकाराचं घर, आखला सोली आर्सीवाला यांनी. ते इंजिनियर होते, हे मी मुद्दाम सांगतो, कारण आमच्या जातीला कल्पनाशक्ती नसते असं आर्किटेक्ट लोक नेहमी म्हणतात.

‘‘बूट सगळ्यांना आठवतो,’’ ताई म्हणाल्या. ‘‘आतला जिना कुणाला आठवतो? पायऱ्या चढायच्या, वरून बघायचं, मागचा ढकलतो म्हणून उतरायचं. बाहेरून गोष्ट, आत गेलं की जिना. इथला जिना तर तुम्ही काढलाच आहे. आता गोष्ट आत ठेवू.’’

पुढच्या बैठकीला त्यांनी बांबूच्या काड्यांचं आणि पुठ्ठ्याचं मॉडेल आणलं, आणि सोबत टॉम लकीच्या कामाचे फोटो. लकी अमेरिकेतल्या कनेटिकटचा, येल विद्यापीठात आर्किटेक्चर शिकलेला. वाकवलेल्या प्लायवूडच्या मोठ्या पाकळ्या पाईपांवर अधांतरी रचायच्या, सगळ्याला तारेची जाळी गुंडाळायची आणि मुलांना आत सोडून द्यायचं, हे त्याचं काम. मधे पायरी नाही, शिडी नाही, वाट कुठली हे कुणी सांगत नाही. बॉस्टनच्या मुलांच्या म्युझियममध्ये त्याची अशी तीन मजली चढण आहे. २००५ मध्ये हा माणूस खिडकीतून पडला आणि मानेखाली लुळा झाला. तरी मुलगा स्पेन्सर याच्या हातांनी काम करत राहिला. २०१२ मध्ये वारला. ज्याने हजारो पोरांना उंचावर चढवलं आणि पडू दिलं नाही, तो स्वतः खिडकीतून पडावा, हे ऐकून विश्वस्तांपैकी एकजण चुकचुकले. अशा वेळी अशी गोष्ट सांगायची नसते, हे ताईंना कधी कळलं नाही.

पण मला त्या फोटोंतलं एक गणित लगेच पटलं. रचनेची उंची आणि पडण्याची उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीन मजली चढणीत मूल कुठेही निसटलं तरी हातभर खालच्या पाकळीवरच बसतं, कारण तीन मजले सरळ खाली जाणारी मोकळी रेघ त्यात कुठेच नसते. सोसायटीच्या बागेतल्या सहा फुटी घसरगुंडीवरून मात्र सहाच्या सहा फूट पडता येतं.

ताईंची गोष्ट चिऊ-काऊची. तळाशी काऊचं घर : वाकड्यातिकड्या सळ्यांचं, कारण मुंबईतला कावळा तारा आणि हँगर चोरून घरटं बांधतो हे इथल्या कुठल्याही खिडकीतून दिसतं. (‘‘शेणाचं नाही ना? साफ कोण करणार?’’ असा प्रश्न बैठकीत खरोखर आला.) सर्वांत वर, वरच्या मजल्याच्या पातळीला, चिऊचं घर, मेणाच्या पिवळ्या रंगाचं. मधे १९ पाकळ्या, पिंपळाच्या पानांसारख्या. जुन्या भिंतीत पिंपळ उगवलेला दिसला की माझ्या पोटात गोळा येतो. ताईंनी अख्खा पिंपळच भिंतीच्या आत आणून लावला.

आणि त्या पहिल्या मॉडेलमध्ये चिऊच्या घराला मागच्या बाजूने एक दार होतं. बरोबर त्या बुजवलेल्या दाराच्या जागी, मुलांच्या विभागात उघडणारं. मी त्यावर लाल पेन्सिलने फुली मारली. तुळईचं टोक त्या विटांवर आहे, ते उघडायचं तर टेकू द्या, लिंटेल घाला, खर्च, धूळ आणि जुन्या भिंतीशी खेळ. विश्वस्तांनाही ते सोयीचंच होतं, वाचणाऱ्या मुलांना गोंगाट नको. ताई म्हणाल्या, ‘‘घराला दार नको?’’ मी म्हणालो, ‘‘ताई, खालून आत जायला आहे ना.’’ शिवाय त्या भिंतीवर चढणीचा कसलाच भार येऊ नये म्हणून वरचा सगळा घोस एक वीतभर आत घ्यायला लावला. दोन्ही सूचना मी मोठ्या समाधानाने दिल्या. सावध इंजिनियर असंच करतो.

आस किती?

बांधकामात तीन-साडेतीन महिने गेले. पाकळ्या केल्या आमच्या सुतारमामांनी. चार मिलीमीटरच्या मरीन प्लायचे पाच थर, मधे गोंद, साच्यावर टाकून शिकंजे आवळायचे आणि रात्रभर विसरायचं. सपाट फळी पायाखाली लवते, तीच दोन दिशांनी वाकवली की ताठ होते. मामा त्यांना पाकळ्या म्हणायचेच नाहीत. ‘‘आज दोन पराती झाल्या,’’ असा त्यांचा संध्याकाळचा हिशेब.

पाईप गॅल्वनाइज केलेले, वर रंग, कारण चौपाटी जवळ आहे आणि खारी हवा भिंतीच्या आतही येते. सगळा सांगाडा स्वतःच्या पायांवर उभा. कॉंक्रीटच्या स्लॅबची भारचाचणी घेतात तेव्हा भार २४ तास ठेवतात. काढल्यावर पुढच्या २४ तासांत वाकलेलं निदान ७५ टक्के परत आलं पाहिजे. प्लायवूडला हा नियम लागू नाही, पण मला दुसरा ओळखीचा नियम नव्हता. प्रत्येक पाकळीवर सिमेंटच्या ५० किलोच्या गोण्या रचल्या आणि दुसऱ्या दिवशी सुतळी ताणून मोजलं. सगळ्या पास.

उभारणीसाठी पोकळीत बांबूची परांची बांधली होती. वाचनालयातली पोरं दारातून तिच्याकडे ज्या नजरेने बघायची, ती नजर नंतर ताईंच्या पाकळ्यांच्याही वाट्याला आली नाही. यात अपमान नाही. जगभर बागांमधून दिसणारी ती चौकटी-चौकटींची जंगल जिम बांबूवरूनच आली. चार्ल्स हिंटन नावाचा गणिती जपानमध्ये असताना त्याने पोरांना त्रिमितीचे अंक शिकवायला बांबूची चौकट बांधली होती. पोरं गणित विसरली, चढणं विसरली नाहीत. त्यातल्याच एकाने, सेबास्टियन हिंटनने, मोठेपणी अमेरिकेत तिचं पेटंट घेतलं, ते १९२३ मध्ये मंजूर झालं.

जाळीची गंमत सांगायलाच हवी. ताईंना तारेची जाळी नको होती, ‘‘पिंजरा दिसतो.’’ त्यांना विणलेलं जाळं हवं होतं. आम्ही वरळी कोळीवाड्यात गेलो. एक नाखवा बोटीच्या सावलीत फाटलेलं जाळं सांधत बसले होते. ताईंनी चिऊ-काऊपासून सगळी कथा सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि एकच विचारलं, ‘‘आस किती?’’

आस म्हणजे जाळ्याचं भोक. माझं उत्तर तयार होतं, कारण मुलांच्या खेळण्यांत सगळ्यात महत्त्वाचा आकडा तोच. खेळाच्या साधनांच्या युरोपीय आणि अमेरिकन मानकांत ८९ ते २३० मिलीमीटरच्या मधलं भोक चालत नाही. कारण ऐकलं की अंगावर काटा येतो : लहान मूल पाय आधी घालून आत सरकतं, धड जातं, डोकं जात नाही, आणि मूल मानेवर लटकतं. म्हणून भोक एकतर धड जाणारच नाही इतकं लहान हवं, नाहीतर डोकंही आरामात जाईल इतकं मोठं. मी नाखवांना म्हणालो, ‘‘साठ मिलीमीटर.’’

आठवड्याने नमुना आला. भोकं ३० मिलीमीटरची. मी फोन केला, तर नाखवा जरा नाराजच झाले. ‘‘साहेब, साठच आहे. आम्ही ताणून मोजतो, या गाठीपासून त्या गाठीपर्यंत.’’ मी चौकोनाची बाजू सांगत होतो, ते मिटलेल्या आसाची लांबी. म्हणजे माझ्या साठाचे त्यांचे एकशे वीस. बाजू ६० असली की चौकोनाचा कर्ण ८५ च्या आत राहतो, ८९ ला पोचत नाही. तरीही सुतारमामांकडून धडाच्या आणि डोक्याच्या मापाचे दोन सागवानी ठोकळे करून घेतले आणि जाळं लागल्यावर मी स्वतः एकेक आस ठोकळ्याने दाबून बघितला. पूर्ण दोन दिवस.

मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत उद्घाटन करायचं ठरलं होतं. नाखवा म्हणाले, बंदी लागल्यावर या. १ जूनला मासेमारी बंद होते तेव्हा त्यांचे हात मोकळे होतात. जूनच्या शेवटच्या आठवड्यात चढण सुरू झाली.

तो रविवार

जुलैचा तिसरा रविवार, बाहेर धो धो पाऊस. आत वीसेक मुलं. एक सहा वर्षांची मुलगी वडिलांबरोबर आली होती. वडील खाली बाकावर, मुलगी आत. पंधरा मिनिटांत ती चिऊच्या घरात पोचली, तिने वरून हात हलवला, वडिलांनी फोटो काढला. मग बाकीची मुलं उतरली, आणि ती उतरेना. आधी गप्प बसली, मग रडू लागली.

पुढचं मी तिथल्या ग्रंथपाल बाईंकडून ऐकलं. वडील आत शिरले आणि तिसऱ्या पाकळीपाशी अडकले. पाकळ्यांमधली फट ४५ सेंटीमीटरची, मोठ्या माणसाच्या पोटासाठी ती आखलेलीच नव्हती. त्यांना पाय धरून मागे ओढावं लागलं. वीस मुलांसमोर हे झालं, म्हणजे त्यांची मनःस्थिती काय झाली असेल ते वेगळं सांगायला नको. शिपायाने शिडी आणली, पण बाहेरून जाळं. कुणीतरी कोयता मागितला. ‘‘खाली बघू नकोस! खाली बघू नकोस!’’ असं दोघं-तिघं एकदम ओरडत होते.

तेवढ्यात चौथीतली एक मुलगी कुणाला न विचारता परत वर गेली. चिऊच्या घराच्या दोन पाकळ्या खाली बसली आणि तिने सुरू केलं :

‘‘चिऊताई, चिऊताई, दार उघड.’’

वरून काही नाही. पुन्हा एकदा. मग रडका आवाज, ‘‘थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते.’’

‘‘चिऊताई, चिऊताई, दार उघड.’’

‘‘थांब, माझ्या बाळाला तीट लावते.’’

काजळ झालं, अंगडं-टोपडं झालं. कोयता घेऊन आलेला माणूस नुसता उभा. पाचव्या-सहाव्या वेळेला खालची म्हणाली, ‘‘आता बाळाला घेऊन ये, मी पाय धरते.’’ वरचीने पालथं होऊन एक पाय खाली सोडला. खालचीने घोटा धरून तो पाकळीवर टेकवला. मग दुसरा. दहा मिनिटांत दोघी जमिनीवर.

संध्याकाळी वडिलांचं पत्र आलं. ते सभ्य भाषेत होतं आणि माझ्या मते योग्य होतं : मोठा माणूस जिथे पोचू शकत नाही तिथे तुम्ही लहान मूल कसं पाठवता? रात्री कुलूप लागलं.

बैठक

समितीच्या बैठकीत जे झालं ते थोडक्यात. कुणी म्हणालं आठ वर्षांखालच्यांना बंदी घाला, कुणी म्हणालं कॅमेरे लावा, कुणी म्हणालं मी तेव्हाच घसरगुंडी सुचवली होती. सगळ्यांचा समज एकच : मुलीने वरून खाली पाहिलं आणि उंचीने तिला भोवळ आली. मी उभा राहिलो आणि वरचा अर्धा भाग काढून चढण आठ फुटांवर आणायचा प्रस्ताव मांडला. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला फक्त माझी सही दिसत होती.

ताई गप्प होत्या. समितीत एक निवृत्त मल्लखांब शिक्षक आहेत, तेही बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, ‘‘आम्ही पोराला पहिल्या दिवशी खांबावरून उतरायचं शिकवतो. चढायला त्याचं तोच शिकतो. तुमच्या या झाडावरून उतरायचं कसं, ते कुणी बघितलंय का?’’

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. चढताना मुलांना आम्ही तासन्‌तास पाहिलं होतं. उतरताना? उतरायच्या वेळी आम्ही चहा घ्यायचो.

तेव्हा ग्रंथपाल बाईंनी अभिप्रायाची वही पुढे केली. त्यांची सवय अशी की काहीही झालं की तारीख घालून लिहून ठेवायचं. त्या रविवारच्या नोंदीत पाऊस, मुलांची संख्या, कोयता, सगळं होतं. आणि एक ओळ : ‘मुलगी सारखी म्हणत होती, खालचं दिसत नाही.’

खाली दिसतं म्हणून ती घाबरली नव्हती. खालचं दिसत नव्हतं म्हणून घाबरली होती. आणि आपण सगळे तिला ओरडून सांगत होतो की बघू नकोस.

मोजमाप

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं टेप घेऊन गेलो. ताई बारीक आहेत, त्या अंग चोरत वरपर्यंत पोचल्या. सहा वर्षांचं मूल बसल्यावर त्याचे डोळे जिथे येतील तिथे फोन धरून त्यांनी खाली फोटो काढले. शेवटच्या तीन पाकळ्यांवरचे फोटो बघितले तर त्यात काय? पिवळी कड, आणि तिच्यापलीकडे थेट तळ. मधली पाकळी कुठेच नाही. ती तिथे होती, ५४ सेंटीमीटर खाली, पण वरच्या पाकळीच्या कडेपासून १७ सेंटीमीटर आत, पोटाखाली गेलेली. चढताना हात आणि डोळे पुढे असतात, म्हणून ती दिसते. उतरताना पाय पुढे असतो, आणि पायाला डोळे नसतात. नऊ वर्षांच्या मुलीचा पाय तिथवर पोचतो. सहा वर्षांच्या मुलीचा पाय हवेतच राहतो.

आधी चाचणीला कोणती मुलं आणली होती ते आठवलं. माझा मुलगा, ताईंचे दोन भाचे, ऑफिसातल्या एकाची मुलगी. सगळी आठ ते अकरामधली.

आणि त्या तीन पाकळ्या एकमेकींच्या पोटात गेल्या कशामुळे? खालच्या १६ पाकळ्या ताईंच्या मॉडेलप्रमाणे होत्या, त्यांत असं कुठेच नव्हतं. वरचा घोस वीतभर आत घ्यायला लावला तो मी. वीतभर जागा कुठूनतरी निघायला हवी होती, ती इथून निघाली. तुळईच्या टोकाला जपताना मी पोरांच्या पायाखालची पाकळी सरकवली होती, आणि वर अडकलेल्या पोराला बाहेर पडायला जे दार होतं त्यावर फुलीही मीच मारली होती. ताईंनी हे मला बोलून दाखवलं नाही. त्यांनी फक्त जुनं मॉडेल आणून टेबलावर ठेवलं. लाल पेन्सिल अजून दिसत होती.

आठ फुटांवर कापली असती तर काय झालं असतं? उंची गेली असती, त्या तीन पाकळ्याही गेल्या असत्या, पण दार नसल्याचा दोष आठ फुटांवर येऊन बसला असता, कारण नव्याने शेवटच्या ठरणाऱ्या पाकळीवरूनही बाहेर पडायला दार नव्हतंच.

दार

पाकळ्यांची दुरुस्ती सुरू व्हायला वेळ लागला, कारण गणपतीला सुतारमामा गावी गेले ते गौरीविसर्जन करूनही लगेच परतले नाहीत. त्याआधी गवंडीकाम उरकलं. तुळईला दोन्ही बाजूंनी टेकू दिले, भिंतीत एका वेळी एका बाजूने खाच घेऊन १५० मिलीमीटरचं एक लोखंडी चॅनेल बसवलं, ते पक्कं झाल्यावर दुसऱ्या बाजूने दुसरं. दोन्ही बोल्टने आवळल्यावर खालची वीट काढली. ज्या कामाला मी वर्षभरापूर्वी जुन्या भिंतीशी खेळ म्हणालो होतो, ते चार दिवसांत झालं. भिंतीला केसाएवढीही चीर गेली नाही.

दार लहान आहे, अडीच फूट उंच. मुलांच्या विभागात, ग्रंथपाल बाईंच्या टेबलाच्या उजव्या हाताला ते उघडतं. मोठा माणूस गुडघ्यावर बसून चिऊच्या घरात हात घालू शकतो. शेवटच्या तीन पाकळ्या फिरवून बाहेर काढल्या आणि मधे दोन छोट्या नव्या बसवल्या. पिवळ्या पाकळ्यांना ताईंनी ७५ मिलीमीटरची गोल भोकं पाडली, पालथं पडलं की त्यातून खालची पाकळी दिसते. ७५ का, हे आता सांगायला नको. या वेळी चाचणीला पाच ते सात वर्षांची मुलं आणली, त्यांच्या आयांसह, आणि फक्त उतरताना बघितलं.

पुन्हा उघडल्यावर एक गोष्ट अशी झाली की ती कुणाच्याच डोक्यात नव्हती. निम्मी मुलं आता नव्या जिन्याने वर येतात, दारातून चिऊच्या घरात शिरतात आणि आधी उतरतात. चढायचं नंतर. लहानगी तर बहुतेक सगळी अशीच. गोंगाट होतो, ते खोटं नाही. दोन विश्वस्त अजून त्यावर नाराज आहेत. दाराला कडी नाही, नुसतं ढकललं की उघडतं, तरी प्रत्येक मूल आतून टकटक करतंच. ग्रंथपाल बाई वर न बघता म्हणतात, ‘‘थांब, पुस्तकाला शिक्का मारते.’’

ती सहा वर्षांची मुलगी दोनदा येऊन गेली, आईबरोबर. वडील आलेले मी पाहिले नाहीत.

यंदा जूनमध्ये बंदी लागल्यावर नाखवा जाळं तपासायला आले. वय साठीच्या पुढे, अंगाने काटक. खालून आत शिरले आणि एकेक गाठ चाचपत, दोन जागी सुई घालत वर वर जात राहिले. तिसरी पाकळी त्यांना लागलीसुद्धा नाही. आम्ही खाली माना वर करून उभे होतो. ते चिऊच्या घरात दिसेनासे झाले आणि वरून टकटक ऐकू आली.

‘‘थांब रे,’’ बाईंचा आवाज आला, ‘‘शिक्का मारते.’’